नाकाची ॲलर्जी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाकाच्या ॲलर्जीबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. एक आग्रह मात्र सुरुवातीलाच. बहुतेकांकडे योग्य औषध, म्हणजे नाकातला स्प्रे, आधीपासून असतं, पण ते चुकीच्या पद्धतीनं मारलं जातं किंवा चार दिवसांत सोडून दिलं जातं, आणि त्रास वर्षानुवर्षं रेंगाळतो. म्हणून प्रश्न ११ ते १३ कुणीही गाळू नयेत.

१. मला सारखी सर्दी असते. ही साधी सर्दी की ॲलर्जी, हे कसं ओळखायचं?

खाज हा सगळ्यात भरवशाचा सुगावा. नाक, टाळू, डोळे किंवा कानाच्या आत खाज सुटते, एकापाठोपाठ एक शिंका येतात आणि नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव गळतो, असं असेल तर ॲलर्जीची शक्यता जास्त. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीत घसा दुखतो, अंग मोडून येतं, कधी कणकण असते, आणि साधारण ७ ते १० दिवसांत सगळं ओसरतं. ॲलर्जीत ताप येत नाही. ती आठवडेच्या आठवडे चालते, ठरावीक ऋतूत उसळते किंवा ठरावीक जागी गेलं की सुरू होते.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. साध्या सर्दीतही रंग बदलतो. मात्र १० दिवस उलटूनही उतार नसेल, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा ताप आणि चेहऱ्यात दुखणं सुरू झालं, तर सायनसचा संसर्ग आहे का हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

२. ॲलर्जीत नाकाच्या आत नेमकं काय होतं?

परागकणासारख्या निरुपद्रवी गोष्टीला शरीर शत्रू समजतं आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. ही प्रतिपिंडं नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ नाकात शिरला की या पेशी काही मिनिटांत हिस्टामाइन हे रसायन सोडतात. शिंका, खाज, पाणी हे सगळं त्यामुळे.

इथवरचं बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी अडचण पुढे आहे. ४ ते ८ तासांनी दुसरी लाट येते. इओसिनोफिल आणि इतर दाहकारक पेशी अस्तरात गोळा होतात, अस्तर सुजतं, नाक चोंदतं. संपर्क रोजचाच असेल तर ही सूज उतरायला सवडच मिळत नाही. अस्तर इतकं हळवं होतं की मग जरासा धूर, अत्तराचा वास किंवा थंड वाऱ्याची झुळूकही शिंकांना पुरते. ‘मला आता सगळ्याचीच ॲलर्जी झालीय’ असं लोक लिहितात, तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं. वावडं एक-दोन गोष्टींचंच असतं. बाकीच्या गोष्टी फक्त सुजलेल्या नाकाला चिडवतात.

३. माझी प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून हे होतं का?

नाही. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती नको तिथे जोर लावत असते. ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ गोळ्या-काढ्यांनी ॲलर्जी बरी होत नाही.

४. पूर्वी कुणाला ॲलर्जी नव्हती. हे आजकालचं खूळ आहे का?

आजार जुना आहे. जॉन बॉस्टॉक या इंग्लिश डॉक्टरांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच ऋतुमानानुसार येणाऱ्या त्रासाचं वर्णन वैद्यकसभेपुढे मांडलं. चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये स्वतःवर प्रयोग करून त्याचं कारण परागकण असल्याचं दाखवलं. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये मांडली. विसाव्या शतकात रुग्णांचं प्रमाण वाढलं हे खरं, पण त्रास खोटा किंवा मनाचा नाही. घरातल्या कुणाला हे सांगावं लागत असेल तर जरूर सांगा.

५. मला कशाची ॲलर्जी आहे, हे घरच्या घरी कळेल का?

पुष्कळसं कळतं. दोन-तीन आठवडे एका वहीत वेळ, जागा आणि त्रास एवढंच लिहा. सकाळी उठल्याबरोबर शिंकांचा सपाटा आणि अंथरूण झटकताना त्रास, तर धुळीतल्या किड्यांवर संशय (प्रश्न ८). ओल धरलेली खोली, जुनी पुस्तकं, कुजणारा पालापाचोळा यांच्याजवळ वाढत असेल तर बुरशी. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी बाहेर वाढत असेल तर परागकण (प्रश्न १०). एखाद्याच्या घरी पाळीव प्राणी आहे आणि तिथेच डोळे लाल होतात, तर उत्तर उघड आहे. झुरळांच्या अंगाचे आणि विष्ठेचे कण हेही एक मोठं कारण, पण ते सहसा कुणाच्या यादीत नसतं.

सकाळच्या त्रासावरून लगेच निष्कर्ष मात्र काढू नका. कारण कोणतंही असलं तरी बऱ्याच जणांना पहाटे-सकाळी जास्तच होतं.

६. टेस्ट करून घ्यावी का? कोणती?

लक्षणं स्पष्ट असतील आणि औषधानं आराम पडत असेल तर टेस्टशिवाय उपचार सुरू करायला हरकत नसते. औषधं पुरत नाहीत, इम्युनोथेरपीचा विचार आहे (प्रश्न १८) किंवा एखाद्या गोष्टीपासून दूर राहण्यासाठी मोठा निर्णय घ्यायचाय, तेव्हा टेस्ट उपयोगी पडते.

त्वचेवरच्या प्रिक टेस्टमध्ये संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून हलकंसं टोचतात आणि १५ ते २० मिनिटांत गांध उठते का ते पाहतात. त्याआधी काही दिवस, बहुतेक गोळ्यांसाठी साधारण आठवडाभर, अँटिहिस्टामाइन (हिस्टामाइनला रोखणारं ॲलर्जीचं औषध) बंद ठेवावं लागतं. नाकातला स्टेरॉइड स्प्रे बंद करावा लागत नाही. रक्तातल्या विशिष्ट आयजीईच्या टेस्टसाठी कोणतंच औषध थांबवावं लागत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ अहवाल वाचताना होतो. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे शरीरानं त्या पदार्थाविरुद्ध आयजीई बनवलंय, एवढंच. त्या पदार्थानं प्रत्यक्षात त्रास होत नसेल तर ती ॲलर्जी नव्हे. म्हणून शंभर-दोनशे पदार्थांचं पॅनेल करून, लाल खुणा केलेली यादी हातात घेऊन, निम्मं खाणंपिणं सोडून देणं हे नुकसानीचं आहे, मुलांच्या बाबतीत तर फारच. अन्नपदार्थांच्या आयजीजी (हे आयजीईहून वेगळं प्रतिपिंड) टेस्टवर ॲलर्जीचं निदान करता येत नाही.

७. माझ्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या, तरी नाक गळतंच. मग हे काय आहे?

तीन शक्यता आधी पाहाव्यात. पहिली, ॲलर्जी नसलेला नासादाह, म्हणजे नाकाच्या अस्तराचा दाह. यात खाज कमी असते. उग्र वास, तापमानातला बदल, तिखट खाणं यांनी नाक वाहू लागतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल तर ही शक्यता बळावते. त्यात ॲलर्जीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. ॲझेलास्टिन या अँटिहिस्टामाइनचा स्प्रे उपयोगी पडतो आणि नुसतं पाणीच गळत असेल तर इप्राट्रोपियमचा.

दुसरी, औषधांचा परिणाम. रक्तदाबाची काही औषधं, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि नाक मोकळं करणारे ड्रॉप्स (प्रश्न १४) यांनीही नाक बिघडतं. तुम्ही घेत असलेल्या औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा. मनानं काही बंद करू नका.

तिसरी शक्यता कमी जणांना माहीत आहे. काहींच्या बाबतीत आयजीई फक्त नाकाच्या अस्तरात बनतं, त्वचेवर किंवा रक्तात सापडत नाही. हिला स्थानिक ॲलर्जी म्हणतात आणि ती नाकात थेट अर्क देऊन करायच्या चाचणीतच दिसते.

८. मी रोज झाडझूड करते, घरात धूळ दिसतही नाही. तरी धुळीची ॲलर्जी कशी?

कारण दिसणारी धूळ हा मुद्दाच नाही. ‘धुळीची ॲलर्जी’ बहुतेकदा डस्ट माइट या किड्यांची असते. लांबी ०.२ ते ०.३ मिलिमीटर, कोळ्याच्या जातकुळीतले, आठ पायांचे. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून गळणारे त्वचेचे बारीक कण खाऊन गादी, उशी, पांघरूण, सोफा, गालिचा यांत राहतात आणि लागणारं पाणी हवेतल्या दमटपणातून शोषून घेतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची.

यावरून काय करायचं ते ठरतं. लक्ष पलंगावर हवं, कारण तिथे आपण सात-आठ तास नाक खुपसून असतो. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. गार पाण्यानं विष्ठा बरीचशी धुतली जाते, पण किडे जगतात. गादी-उशांना अगदी बारीक विणीची, चेन असलेली खोळ घाला. झोपायच्या खोलीतून गालिचा, जाड पडदे आणि कापडी खेळण्यांचे ढीग काढा. आवडतं खेळणं काढता येत नसेल तर ते पिशवीत घालून किमान एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग धुवा. नुसतं गोठवून किडे मरतात, त्यांची घाण तशीच राहते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर उत्तम. कोरड्या झाडूनं धूळ उडते, ओल्या फडक्यानं ती निघते. ज्याला त्रास आहे त्यानं झाडझूड करताना मास्क लावावा, किंवा सरळ ते काम घरातल्या दुसऱ्यानं उचलावं.

यातला एखादाच उपाय करून फरक पडत नाही, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. नुसती खोळ आणून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांचं म्हणूनच बरोबर असतं. तीन-चार गोष्टी एकत्र आणि सातत्यानं कराव्या लागतात.

९. एअर प्युरिफायरनं फरक पडेल? आणि मांजर ठेवता येईल का?

दोन्ही प्रश्न एकत्र घेतलेत, कारण उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं: कण हवेत किती वेळ तरंगतो. माइटच्या विष्ठेचे कण जड असतात, गादी झटकल्यावर उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. हवा गाळून ते कितीसे हाती लागणार? मांजरीचं प्रथिन मात्र अतिशय बारीक कणांवरून तासन्‌तास तरंगतं. तिथे, तसंच परागकण आणि धुरासाठी, हेपा फिल्टरची (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीची) थोडी मदत होते. तो झोपायच्या खोलीत ठेवा.

मांजरीची ॲलर्जी केसांची नसते. फेल डी १ नावाचं प्रथिन तिच्या लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत बनतं. ती अंग चाटते आणि ते सगळीकडे पसरतं. म्हणून केस कापून किंवा ‘ॲलर्जी न करणारी’ जात आणून प्रश्न सुटत नाही. आंघोळ घातली तरी काही दिवसांत प्रमाण पूर्ववत होतं. मांजर घरातून गेल्यावरही घरातलं प्रथिन कमी व्हायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे ‘दोन आठवडे दुसरीकडे ठेवून पाहिलं’ या प्रयोगातून काहीच कळत नाही. तिच्याशिवाय करमत नसेल तर निदान झोपायची खोली तिला पूर्ण बंद ठेवा आणि औषध नियमित घ्या. दमाही असेल तर मात्र निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१०. परागकणांच्या दिवसांत काय काळजी घ्यावी? पाऊस पडला की बरं वाटायला हवं ना?

त्रास देणारे परागकण वाऱ्यावर उडणारे, हलके असतात: गवतं, तण आणि काही झाडं. ठसठशीत रंगीत फुलांचे परागकण जड, चिकट असतात आणि कीटकांमार्फत जातात, त्यामुळे कुंडीतल्या फुलांवर उगीच राग नको. मोसमात खिडक्या लावून घ्या, बाहेरून आल्यावर कपडे बदला, चेहरा आणि केस धुवा, धुतलेले कपडे उघड्यावर वाळत घालू नका. गॉगलनं डोळ्यांना चांगलाच आराम पडतो. औषध मोसम सुरू व्हायच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करावं; का, ते प्रश्न २ मध्ये आलंय.

संथ पावसानं परागकण खाली बसतात आणि बरं वाटतं. वादळी पावसात उलटं होऊ शकतं. आर्द्रतेनं परागकण फुटतात, त्यांचे सूक्ष्म तुकडे थेट छातीत उतरतात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या वादळानंतर हजारो लोकांना अचानक दम लागला आणि १० जण दगावले. त्यांत पूर्वी दमा नसलेले, फक्त नाकाची ॲलर्जी असलेले लोकही सापडले होते. म्हणून मोसमात विजांचं वादळ येत असेल तर घरात थांबा, खिडक्या बंद करा.

११. गोळी चांगली की नाकातला स्प्रे?

त्रास कधीतरी आणि हलका असेल तर गरजेपुरती गुंगी न आणणारी अँटिहिस्टामाइन गोळी पुरते. किंवा ॲझेलास्टिनचा स्प्रे, जो सुमारे १५ मिनिटांत काम सुरू करतो. जिभेवर कडू चव येते, एवढीच तक्रार.

आठवड्यातून चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांहून जास्त त्रास होत असेल, किंवा झोप, काम, अभ्यास बिघडत असेल, तर नाकातला स्टेरॉइड स्प्रे हे पहिलं औषध. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड ही त्यांतली नेहमीची नावं. गोळी खाज आणि शिंका थांबवते, पण नाक चोंदणं दुसऱ्या लाटेमुळे असतं (प्रश्न २) आणि तिथे गोळी तोकडी पडते. स्प्रे दोन्ही लाटांवर चालतो. स्प्रे नीट वापरूनही भागत नसेल, तर वर रोजची गोळी जोडण्यापेक्षा स्टेरॉइड आणि ॲझेलास्टिन एकत्र असलेला स्प्रे जास्त उपयोगी पडतो.

१२. स्प्रे वापरला, पण काहीच फरक पडला नाही. असं का?

दोन कारणं वारंवार दिसतात: घाई आणि नेम.

घाई म्हणजे, तीन दिवस मारला आणि सोडला. थोडा आराम पहिल्या दिवसापासून वाटू शकतो, पण पूर्ण परिणामाला एक ते दोन आठवडे रोज वापर लागतो. नाक चोंदलं की मारायचा, मोकळं झालं की विसरायचं, हे या औषधाला मानवत नाही.

आता नेम. नवी बाटली असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर बारीक फवारा येईपर्यंत आधी हवेत दाबा. बाटली हलवा. नाक हलकेच शिंकरून साफ करा. डोकं किंचित पुढे झुकवा, मागे अजिबात टाकू नका. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा, डाव्या नाकपुडीसाठी उजवा. असं केलं की नळीचं टोक आपोआप बाहेरच्या भिंतीकडे, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेनं वळतं आणि मधल्या पडद्यावर फवारा बसत नाही. दाबताना संथ श्वास आत घ्या. जोरात हुंगू नका. औषध घशात उतरत असेल, चव लागत असेल, तर तुम्ही जोरात हुंगताय. नंतर लगेच नाक शिंकरू नका.

दोन आठवडे असं करून पाहिल्याशिवाय ‘मला स्प्रे लागू पडत नाही’ असं ठरवू नका, ही कळकळीची विनंती.

१३. पण स्टेरॉइड ना? सवय लागेल, हाडं ठिसूळ होतील?

या भीतीपोटी वर्षानुवर्षं त्रास काढणाऱ्यांची पत्रं सर्वांत जास्त येतात. स्टेरॉइड स्प्रेची सवय लागत नाही. सवय लागते ती प्रश्न १४ मधल्या ड्रॉप्सची, आणि दोन्ही ‘नाकातलं औषध’ म्हणून एकाच पारड्यात टाकली जातात. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन नाकातून दिल्यावर अगदी थोडं, साधारण दोन टक्क्यांहून कमी, रक्तात पोचतं. गोळी किंवा इंजेक्शनच्या स्टेरॉइडशी त्याची तुलना होत नाही.

नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे नाक कोरडं पडणं आणि थोडं रक्त येणं. बहुतेकदा फवारा पडद्यावर बसत असल्यानं ते होतं, तेव्हा नेम सुधारा. मुलं दीर्घकाळ वापरत असतील तर उंचीची नोंद ठेवावी. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. एक अपवाद गंभीर आहे. एचआयव्हीच्या उपचारात रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट चालू असेल तर फ्लुटिकासोन शरीरात साचून खरोखरच स्टेरॉइडचे दुष्परिणाम होतात. अशांनी डॉक्टरांना विचारून दुसरा स्प्रे घ्यावा.

‘मोसमाला एक इंजेक्शन, मग बघायला नको’ या स्वरूपात दिलं जाणारं लांब पल्ल्याचं स्टेरॉइड इंजेक्शन मात्र टाळा. ते सगळ्या शरीरावर परिणाम करतं आणि एकदा दिलं की परत काढता येत नाही.

१४. नाक मोकळं करणाऱ्या ड्रॉप्सशिवाय आता झोपच येत नाही. यातून सुटका कशी?

ऑक्सिमेटाझोलिन आणि झायलोमेटाझोलिन रक्तवाहिन्या आकसवतात, नाक मिनिटांत उघडतं. ३ ते ५ दिवसांपलीकडे वापरलं की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून पुन्हा थेंब, आणि चक्र सुरू. यावर उपाय आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं स्टेरॉइड स्प्रे रोज सुरू करा आणि ड्रॉप्स बंद करा. एकदम जमत नसेल तर आधी एका नाकपुडीत बंद करा, ती मोकळी झाली की दुसरीत. पहिला आठवडा जड जातो. उशी थोडी उंच घ्या, मीठपाण्याची मदत घ्या (प्रश्न १७), आणि टिकून राहा.

सर्दीच्या गोळ्यांत असणाऱ्या फिनाइलएफ्रिनवर भरवसा ठेवू नका. तोंडावाटे घेतल्यास ते नाक मोकळं करत नाही, असं अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये एकमतानं सांगितलं. स्यूडोएफेड्रिन काम करतं, पण रक्तदाब वाढवतं आणि झोप उडवतं. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंनी तर ते टाळावंच, कारण लघवीत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त आढळलं तर उत्तेजक चाचणीत अडकायला होतं.

१५. ॲलर्जीच्या गोळीनं झोप येते. रोज वर्षानुवर्षं घेतली तर चालेल?

क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या मेंदूत शिरतात. झापड आली नाही असं वाटलं तरी प्रतिक्रिया मंदावलेल्या असतात, म्हणून घेऊन गाडी चालवू नका. प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना त्या नकोतच. फेक्सोफेनाडिन, लोरॅटाडिन आणि बिलास्टिन यांनी गुंगी जवळजवळ येत नाही. सेटिरिझिननं काहींना येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतलं तर कमी शोषलं जातं, ते पाण्याबरोबरच घ्या.

नव्या गोळ्या दीर्घकाळ घेणं साधारणपणे सुरक्षित मानलं जातं. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या: सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन अचानक बंद केल्यावर क्वचित अंगभर तीव्र खाज सुटते. अमेरिकी औषध प्रशासनानं मे २०२५ मध्ये तसा इशारा दिला. असं झालं तर त्याला नवी ॲलर्जी समजू नका, डॉक्टरांना गोळी कधी थांबवली ते सांगा.

१६. मॉन्टेलुकास्ट असलेली गोळी नेहमी लिहून देतात. घ्यावी का?

फक्त नाकाच्या ॲलर्जीसाठी ते पहिल्या पसंतीचं औषध नाही. स्टेरॉइड स्प्रेपेक्षा कमी परिणामकारक आहे. मार्च २०२० पासून अमेरिकेत त्यावर मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा आहे: भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार. दमाही असेल तर डॉक्टर विचारपूर्वक देऊ शकतात. गोळी सुरू झाल्यावर मुलाचा स्वभाव किंवा झोप बदलली तर लगेच कळवा.

१७. मीठपाण्यानं नाक धुणं, वाफ घेणं उपयोगी आहे का?

नाक धुणं उपयोगी आहे, कारण परागकण आणि चिकट स्राव खरोखर बाहेर पडतात. पाव लिटर पाण्यात पाव ते अर्धा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाण्याबद्दल तडजोड नको: १ मिनिट खळखळ उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड. नळाच्या कच्च्या पाण्यातून नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूत गेल्याच्या घटना घडल्या आहेत. दुर्मीळ, पण जवळपास नेहमीच जीवघेण्या. भांडं रोज धुऊन वाळवा.

वाफेनं घटकाभर बरं वाटतं, ॲलर्जीवर तिचा उपचार म्हणून उपयोग नाही. लहान मुलांना उकळत्या पाण्यावर वाफ देऊ नका. त्यातून गंभीर भाजण्याचे प्रकार होतात.

१८. ॲलर्जी मुळापासून बरी करता येते का?

मुळाच्या सगळ्यात जवळ जाणारा उपचार म्हणजे इम्युनोथेरपी. ज्याचं वावडं आहे त्याचीच मात्रा हळूहळू वाढवत शरीराला सवय लावायची. लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांची इंजेक्शनं देऊन याची सुरुवात केली. आज ती इंजेक्शनं किंवा जिभेखाली ठेवायच्या गोळ्या-थेंबांच्या रूपात मिळते. किमान ३ वर्षं चालवावी लागते आणि नीट पूर्ण केली तर फायदा नंतरही काही वर्षं टिकतो. पहिल्या वर्षातच कंटाळून सोडायचं असेल तर सुरूच न केलेलं बरं.

इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबणं सक्तीचं समजा, कारण क्वचित ॲनाफिलॅक्सिस (सगळ्या शरीरावर येणारी जीवघेणी ॲलर्जी) होऊ शकतो आणि तिथे त्यावरचं औषध, ॲड्रेनलिन, हाताशी असतं. दमा आटोक्यात नसेल तर ही सुरू करत नाहीत. अहवालातले वीस-पंचवीस पदार्थ एकाच बाटलीत मिसळून कुणी देत असेल, तर त्यातल्या कशानं तुम्हाला प्रत्यक्ष त्रास होतो हे आधी विचारा.

१९. ‘पडदा वाकडा आहे, मांस वाढलंय’ असं सांगितलंय. ऑपरेशननं ॲलर्जी जाईल?

ॲलर्जी जाणार नाही. हवेची वाट मोकळी होईल आणि स्प्रे आतवर पोचेल, एवढंच. वाढलेलं ‘मांस’ म्हणजे बहुधा सुजलेली नासाशुक्तिका (नाकाच्या आतल्या भिंतीवरची घडी) असते, आणि ती नियमित स्प्रेनं पुष्कळदा उतरते. म्हणून औषध योग्य रीतीनं दोन-तीन महिने घेऊनही नाक बंदच राहत असेल, तेव्हा ऑपरेशनचा विचार करावा.

२०. मुलगा सारखा तळहातानं नाक वर चोळतो, तोंड उघडं ठेवून झोपतो. ही ॲलर्जी असेल?

शक्यता चांगलीच आहे. सारखं चोळून नाकावर आडवी रेघ उमटते, डोळ्यांखाली काळसर छटा येते. घोरणं, तोंडानं श्वास घेणं यामागे ॲडेनॉइडही (नाकामागच्या वाढलेल्या गाठी) असू शकतात, ते तपासून घ्या. कानात पाणी साचून ऐकू कमी येतं आणि मूल ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसतो. हे फार वाईट वाटणारं आहे, कारण ते टाळता येतं. दोन वर्षांखालच्या बाळाचं नाक वाहत असेल तर बहुधा विषाणूच असतो. मोमेटासोन स्प्रे २ वर्षांपासून देता येतो, इतरांची वयोमर्यादा वेगळी आहे. गुंगी आणणारी जुनी औषधं मुलांना देऊ नका.

२१. गरोदर आहे. कोणती औषधं चालतील?

आधी मीठपाणी (प्रश्न १७). औषध लागलंच तर बुडेसोनाइड स्प्रेचा अनुभव सगळ्यात जास्त आहे. गोळीत लोरॅटाडिन किंवा सेटिरिझिन. पहिल्या तिमाहीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या टाळा. इम्युनोथेरपी आधीपासून चालू असेल तर सहसा चालू ठेवतात, नव्यानं सुरू करत नाहीत. ॲलर्जी नसतानाही गरोदरपणात नाक चोंदतं आणि बाळंतपणानंतर आपोआप सुटतं. सगळं अर्थातच तुमच्या डॉक्टरांना विचारून.

२२. नाकाच्या ॲलर्जीतून दमा होतो का?

प्रत्येकाला नाही, पण धोका वाढतो. नाक आणि फुप्फुसं ही एकच श्वासवाट आहे. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचाही त्रास असतो. रात्री-पहाटे खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, धावल्यावर दम लागणं यांपैकी काही असेल तर छाती तपासून घ्या.

२३. थंड पदार्थ, दूध बंद करावं का? मध खाऊन बरं होतं का?

दुधानं कफ वाढत असल्याचा पुरावा नाही. इतर काहीही न होता फक्त नाकाची तक्रार अन्नामुळे असणं फार विरळा. मधात मुख्यतः कीटकांनी आणलेले परागकण असतात, त्रास देणारे वाऱ्यावरचे नव्हेत. खरा संबंध वेगळ्याच ठिकाणी आहे: परागकणांची ॲलर्जी असलेल्या काहींना सफरचंदासारखं कच्चं फळ खाल्ल्यावर ओठ आणि तोंडाला खाज सुटते, शिजवलेलं चालतं. दोन्हींतली प्रथिनं सारखी असल्यानं हे होतं. खाजेपुरतं असेल तर ते फळ टाळा. घसा आवळला किंवा दम लागला तर मात्र तातडीचा उपचार घ्या.

२४. मला वासच येत नाही. हे पण ॲलर्जीच का?

चोंदलेल्या नाकात वास मंदावतो, पण पूर्ण गेला असेल तर पॉलिप (नाकाच्या आतल्या मऊ गाठी) आहेत का ते दुर्बिणीतून बघून घ्या. पॉलिप आणि दमा दोन्ही असतील, तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेननं काहींना दम्याचा तीव्र झटका येतो. अशी गोळी घेतल्यावर कधी छाती भरून आली असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

२५. कोणत्या लक्षणांना ॲलर्जी समजून घरी थांबू नये?

ॲलर्जी दोन्ही बाजूंना होते. त्यामुळे सतत एकाच बाजूनं नाक बंद असणं किंवा एकाच बाजूनं रक्त येणं याची तपासणी हवी. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत मणी, बी असं काहीतरी अडकलेलं असतं. बटन सेल असेल तर काही तासांतच इजा होते, तेव्हा थेट रुग्णालय गाठा. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, तीव्र डोकेदुखीसह ताप, मान ताठ होणं यांतही तसंच. आणि डोक्याला मार लागल्यानंतर, कधी काही कारण नसतानाही, पुढे वाकल्यावर एकाच नाकपुडीतून स्वच्छ, खारट पाण्याचे थेंब पडू लागले, तर ते मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. नाक शिंकरू नका, थेंब स्वच्छ डबीत धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; बीटा-२ ट्रान्सफरिन या प्रथिनाच्या चाचणीवरून ते ओळखता येतं.